पारावरच्या गप्पा : खुर्ची रिकामी झाली तर?



आमच्या मंडळाची संक्रांत फेब्रुवारीत येते. पंचांग काहीही म्हणो, शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल ती आमची संक्रांत, आणि तो शनिवार बहुधा प्रेसिडेंट्स डेला जोडून आलेल्या सुट्टीतला असतो. एका बाजूला हळदीकुंकू, दुसऱ्या बाजूला कॉफीच्या थर्मासभोवती पुरुषमंडळींचा अड्डा आणि मधल्या मोकळ्या जागेत पोरांचा धुडगूस. ह्या पोरांना तासभर एका जागी बसवायचे कसे, ह्यावर काकांनी फार वर्षांपूर्वी तोड काढली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर प्रश्नमंजुषा! बरोबर उत्तराला तिळाची एक वडी जास्त.

काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. १९७१ साली ओहायोत आले, पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षे काढली आणि निवृत्त झाल्यावर मंडळ हाच त्यांचा उद्योग. मंडळाच्या घटनेत अध्यक्षांची मुदत दोन वर्षांची आहे. दर दोन वर्षांनी सर्वसाधारण सभेत "कोणी उभं राहतंय का?" असे विचारले जाते, सगळे आपापल्या बुटांकडे पाहतात आणि काका बिनविरोध निवडून येतात. असे सहा वेळा झाले. "मी रूझवेल्टच्याही पुढे गेलो रे," असे काका हसून सांगत.

काकांचे प्रश्न बुटाच्या एका खोक्यात असतात. पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डे, पुढे प्रश्न, मागे उत्तर, अक्षर मोत्यासारखे. यंदा त्यांनी पहिले कार्ड काढले, "सर्वांत कमी दिवस राष्ट्राध्यक्ष कोण होता?" आमच्या धाकटीने ओरडून सांगितले, "विल्यम हेन्री हॅरिसन!" "शाबास! आणि त्याच्यानंतर कोण आला?" धाकटीला ठाऊक नव्हते. काकांनी उत्तर सांगायला तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. कार्ड उलटे केले, सुलटे केले. मग हसले आणि म्हणाले, "बरं, पुढचा प्रश्न. सर्वांत कमी दिवस राष्ट्राध्यक्ष कोण होता?"

पोरांना वाटले काका गंमत करताहेत. पोरे खदखदून हसली. पलीकडे काकू हळदीकुंकवाची कोयरी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आणि आम्ही मोठ्यांनी काय केले? आम्ही कॉफीच्या कपात पाहिले.

खरे सांगायचे तर असे काही पहिल्यांदाच घडत नव्हते. गणपतीला हॉल दोनदा ठरवला गेला होता. दिवाळीच्या जेवणाचा चेक केटररला दोनदा गेला होता. सगळ्यांना ठाऊक, पण कोणी कोणाशी बोलत नव्हते. घरी येऊन आम्ही मंडळाची घटना काढली. तीत ह्या विषयावर एकच ओळ सापडली, 'अध्यक्ष अनुपस्थित असल्यास त्यांचे काम उपाध्यक्ष पाहतील.' अनुपस्थित! काका तर प्रत्येक मीटिंगला पंधरा मिनिटे आधी हजर.

आम्ही पडलो इंजिनिअर. मॅन्युअलमध्ये उत्तर नसले की असेच मशीन दुसऱ्या कोणाकडे बिघडले तेव्हा त्याने काय केले ते शोधायचे, ही आमची जुनी खोड. म्हणून काकांच्याच खोक्यातला विषय घेऊन बसलो. जे हाती लागले ते ह्या वेळी पारावर मांडतो आहोत.

तर काकांना न आठवलेले ते नाव म्हणजे जॉन टायलर.

आधी हॅरिसनचे ऐका. ४ मार्च १८४१ रोजी वॉशिंग्टनच्या थंडीत ६८ वर्षांच्या ह्या गृहस्थाने ओव्हरकोट न घालता जवळजवळ दोन तास भाषण केले आणि बरोबर एक महिन्याने, ४ एप्रिलला, ते वारले. भाषणाने गेले असे लोक म्हणतात, पण आजारी पडले ते तीन आठवड्यांनी, तेव्हा सगळा दोष भाषणाला देता येत नाही. (आपल्या कार्यक्रमांतल्या वक्त्यांनी मात्र ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.)

राष्ट्राध्यक्ष खुर्चीत असताना वारण्याची ही पहिलीच वेळ. घटना उघडली तर आमच्या मंडळासारखीच गत! राष्ट्राध्यक्ष मेला, त्याने राजीनामा दिला, त्याला काढून टाकले किंवा तो काम करू शकेनासा झाला, तर 'तेच' उपाध्यक्षाकडे जाईल, असे तीत लिहिलेले. तेच म्हणजे काय? पद की नुसते काम? उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्ष होतो की चार दिवस गाडा हाकणारा हंगामी माणूस राहतो? १७८७ साली फिलाडेल्फियात बसून ज्यांनी एकेक शब्द तोलून घातला, त्यांनी हा शब्द मोकळाच सोडला होता.

टायलरने वाद घालत बसण्याऐवजी ६ एप्रिलला सरळ शपथ घेतली आणि आपण राष्ट्राध्यक्ष आहोत असे जाहीर केले. 'हंगामी राष्ट्राध्यक्ष' असा पत्ता घालून आलेली पत्रे तो न फोडता परत पाठवी. विरोधकांनी त्याला 'अपघाताने आलेले महाराज' अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले. सप्टेंबरात एक सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, पक्षानेही त्याला बाहेर काढले. पण गडी १८४५ पर्यंत खुर्चीत राहिला. त्याने पाडलेला पायंडा पुढे सगळ्यांनी पाळला आणि तो घटनेत लिहिला गेला १९६७ साली, म्हणजे १२६ वर्षांनी! (जाता जाता एक गंमत. टायलरचा जन्म १७९० चा आणि त्याचा सख्खा नातू वारला २०२५ साली. टायलरला ६३ व्या वर्षी मुलगा झाला आणि त्या मुलाला ७५ व्या वर्षी मुलगा झाला, एवढाच हिशेब.)

त्याआधी आपल्याकडे काय चालले होते, ते शाळेतल्या इतिहासात आपण सगळे शिकलो आहोत. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि १७७४ साली सवाई माधवराव चाळीस दिवसांचे असताना त्यांच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. कारभार बारभाईंनी केला. गादी कोणाची हे रक्तावरून ठरायचे, म्हणून रक्त सांडायचे. त्यामानाने पाकीट न फोडता परत पाठवणे हे भांडण बरेच सभ्य म्हणायचे.

भारताच्या घटनाकारांनी ही 'तेच'ची भानगड ठेवली नाही. तिथे राष्ट्रपती वारले तर उपराष्ट्रपती फक्त काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. मे १९६९ मध्ये झाकिर हुसेन वारले तेव्हा व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पण गिरींना स्वतःलाच निवडणूक लढवायची होती, म्हणून जुलैत त्यांनी पद सोडले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला, म्हणजे नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, महिनाभर राष्ट्रपतींच्या खुर्चीत बसले. त्याच महिन्यात निक्सन दिल्लीला आले, तेव्हा त्यांचे यजमान हिदायतुल्लाच होते. निक्सनसाहेबांवर पुढे स्वतःची खुर्ची सोडायची वेळ येणार होती, ते येतेच.

आता आम्हा ओहायोकरांच्या अभिमानाचा विषय. ओहायो आठ राष्ट्राध्यक्षांवर हक्क सांगते. आजवर खुर्चीत असताना वारलेले राष्ट्राध्यक्षही आठच आणि त्यांतले चार आमचे : हॅरिसन, गारफील्ड, मॅकिन्ले आणि हार्डिंग. चौघांच्याही समाध्या ओहायोत आहेत. काकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना व्हॅनमध्ये कोंबून नॉर्थ बेंड, क्लीव्हलंड, कँटन आणि मॅरियन अशी चारी धामे करवलेली आहेत.

ह्यांतली गारफील्डची गोष्ट आम्ही दोनदा वाचली. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात त्यांना गोळी लागली आणि ते वारले १९ सप्टेंबरला. मधले जवळजवळ ऐंशी दिवस राष्ट्राध्यक्ष जिवंत होते, पण काम करण्याच्या स्थितीत नव्हते. उपाध्यक्ष आर्थर पुढे का आले नाहीत? एक तर गोळी झाडणाराच ओरडून गेला होता की आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होणार! शिवाय टायलरच्या पायंड्याची अडचण होती. उपाध्यक्षाने सूत्रे घेतली की तो कायमचाच राष्ट्राध्यक्ष, असे ठरून गेलेले. मग गारफील्ड बरे झाले असते तर खुर्ची परत कशी द्यायची? एका भोकाला लावलेल्या ठिगळाने दुसरे भोक पडले होते. आणि गारफील्ड वारले त्या दिवशी प्रतिनिधिगृहाला सभापती नव्हता आणि सिनेटला हंगामी अध्यक्षही नव्हता. आर्थरना काही झाले असते तर त्यांच्यामागे कायद्याने कोणीच उभे नव्हते.

पण आमच्या जिवाला सर्वांत लागली ती वुड्रो विल्सनची हकीकत. २ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. मुदत संपायला सतरा महिने होते. पत्नी एडिथ आणि डॉक्टर ग्रेसन ह्यांनी दार लावून घेतले. कागद आत जायचे ते एडिथबाईंच्या हातून आणि बाहेर यायचे तेही त्यांच्याच हातून. आजार किती गंभीर आहे हे देशाला कळू दिले नाही. उपाध्यक्ष मार्शल पुढे यायला तयार नव्हते. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग ह्यांनी मंत्र्यांच्या बैठका बोलावून गाडा चालू ठेवला, तर विल्सननी १९२० च्या फेब्रुवारीत त्यांचाच राजीनामा मागून घेतला. ह्यात दुष्ट कोणीच नव्हते. बायकोची नवऱ्यावर माया होती, मंत्र्यांना भीड होती आणि ज्याने तोंड उघडले त्याची नोकरी गेली. हे वाचताना आम्हांला आमचा कॉफीचा कप आठवला.

मधे एक हलका प्रसंग सांगतो. २ ऑगस्ट १९२३ रोजी हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले तेव्हा उपाध्यक्ष कूलिज व्हर्मांटमधल्या खेड्यात वडिलांच्या घरी झोपले होते. घरात टेलिफोन नाही, वीज नाही. मध्यरात्री निरोप आला. वडील गावचे नोटरी! त्यांनी पहाटे पावणेतीनच्या सुमारास रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. बँकेत आपल्या कागदांवर शिक्का मारून देणारा जो नोटरी, तोच हो. मुलाला एवढ्या मोठ्या खुर्चीत स्वतःच्या हाताने बसवणारा बाप ह्या देशाच्या इतिहासात हा एकच.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. कारखान्यात चालू पंपाशेजारी एक स्टँडबाय पंप असतो. तो दर महिन्याला फिरवून पाहावा लागतो, नाहीतर ऐन वेळी जाम झालेला सापडतो. उपाध्यक्ष म्हणजे हा स्टँडबाय पंप, आणि अमेरिकेने तो फार वर्षे फिरवलाच नाही. १२ एप्रिल १९४५ ला फ्रँकलिन रूझवेल्ट वारले तेव्हा ट्रूमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. महायुद्ध चालू, आणि अणुबाँबची सविस्तर माहिती ट्रूमनना मिळाली ती खुर्चीत बसल्यावर तेरा दिवसांनी! त्याहून गंमत म्हणजे अनेकदा पंपच जागेवर नसायचा. १९६७ पूर्वी उपाध्यक्षाची जागा एकूण १६ वेळा रिकामी झाली आणि दर वेळी पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच रिकामी राहिली, कारण मधेच ती भरायची सोय नव्हती.

उपाध्यक्षानंतर कोण, हा प्रश्न कायद्याने तीनदा सोडवला. १७९२ चा कायदा सिनेटचा हंगामी अध्यक्ष आणि मग प्रतिनिधिगृहाचा सभापती असे म्हणत होता. गारफील्डच्या प्रसंगाने शहाणे होऊन १८८६ साली दोघांना वगळले आणि परराष्ट्रमंत्र्यापासून सुरुवात केली. ट्रूमनना ते पटले नाही. मंत्री आपणच नेमायचा, म्हणजे आपला वारस आपणच ठरवल्यासारखे झाले. लोकशाहीत हे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून १९४७ च्या कायद्यात आधी सभापती, मग सिनेटचा हंगामी अध्यक्ष आणि मग मंत्री, ज्या क्रमाने खाती स्थापन झाली त्या क्रमाने. उपाध्यक्ष धरून आज ही रांग १८ जणांची आहे. मार्च १९८१ मध्ये रेगनना गोळी लागली, तेव्हा परराष्ट्रमंत्री हेग ह्यांनी पत्रकारांसमोर उपाध्यक्षानंतर आपला नंबर सांगितला आणि जन्मभर चेष्टा ओढवून घेतली. बिचारे १८८६ चा कायदा सांगत होते!

काकांच्या खोक्यातला फसवा प्रश्न : 'एक माणूस जास्तीत जास्त किती वर्षे राष्ट्राध्यक्ष राहू शकतो?' पोरे ओरडतात आठ. उत्तर दहा. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले. त्यांच्यानंतर १९५१ साली बाविसावी दुरुस्ती झाली आणि दोनदाच निवडून यायची मर्यादा आली. पण दुसऱ्याच्या मुदतीतली दोन वर्षे किंवा त्याहून कमी काळ काम केले असेल तर ते धरले जात नाही. म्हणून लिंडन जॉन्सन १९६८ साली पुन्हा उभे राहू शकत होते, फोर्ड मात्र एकदाच निवडून येऊ शकले असते. दुसरा फसवा प्रश्न : '४७ व्या राष्ट्राध्यक्षापर्यंत माणसे किती झाली?' उत्तर ४५. ग्रोव्हर क्लीव्हलंड २२ वे आणि २४ वे, डोनाल्ड ट्रम्प ४५ वे आणि ४७ वे. मधे एक मुदत गेली की नवा नंबर.

केनेडी गेले तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. लिंडन जॉन्सनना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, उपाध्यक्ष नाही आणि मागे रांगेत ७१ वर्षांचे सभापती व ८६ वर्षांचे सिनेटचे हंगामी अध्यक्ष. मग १९६७ च्या फेब्रुवारीत पंचविसावी दुरुस्ती पुरी झाली. तिची कलमे चार. पहिले, टायलर बरोबर होता : उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्षच होतो. दुसरे, उपाध्यक्षाची जागा मधेच भरता येते. तिसरे, राष्ट्राध्यक्ष स्वतः पत्र लिहून अधिकार उपाध्यक्षाकडे देऊ शकतो आणि पत्र लिहूनच परत घेऊ शकतो. चौथे, ज्याला स्वतःला कळत नाही किंवा लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री मिळून लिहून देऊ शकतात.

दुसऱ्या कलमाचा उपयोग लगेच झाला. १९७३ साली फोर्ड असे नेमलेले उपाध्यक्ष झाले. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सननी एका वाक्याचा राजीनामा दिला आणि फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले, दोन्ही पदांवर देशाने एकदाही निवडून न दिलेला एकमेव माणूस. निक्सनचे ते पत्र कायद्याप्रमाणे परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे होते, म्हणजे किसिंजरच्या नावे. आणि किसिंजर स्वतः रांगेत असूनही नसल्यासारखे, कारण जन्म जर्मनीतला. राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने अमेरिकन असावे लागते. पुढे प्रागमध्ये जन्मलेल्या मॅडलिन ऑल्ब्राइट ह्यांचेही तेच झाले.

इथे आमचा आणि ह्या विषयाचा खरा संबंध येतो. २०१८ साली नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा शंभर प्रश्न पाठ करायचे होते. राष्ट्राध्यक्ष काम करू शकला नाही तर कोण, आणि दोघेही करू शकले नाहीत तर कोण, हे दोन्ही प्रश्न त्यात होते. घरी आलो तर धाकटी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही प्रेसिडेंट होऊ शकता?" म्हटले, "नाही गं. तू होऊ शकतेस." तिला वाटले आम्ही उगाच मोठेपणा देतो आहोत. मग १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडन ह्यांनी आतड्याच्या तपासणीला जाताना तिसऱ्या कलमाचे पत्र लिहिले आणि ८५ मिनिटे राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमला हॅरिस ह्यांच्याकडे होते. त्याआधी रेगनच्या शस्त्रक्रियेच्या वेळी १९८५ साली थोरल्या बुश ह्यांच्याकडे आणि २००२ व २००७ साली चेनी ह्यांच्याकडे असेच काही तास अधिकार होते, पण हे अधिकार हाती आलेली बाई ही पहिलीच. हिची आई १९५८ साली भारतातून इथे शिकायला आलेली विद्यार्थिनी, वडील जमैकाचे, आणि मुलगी ओकलंडला जन्मलेली. धाकटीने त्या दिवशी घड्याळ लावून ८५ मिनिटे मोजली.

चौथे कलम मात्र आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. आणि आमच्या मंडळापुढे नेमके तेच होते. कार्यकारिणीतल्या एका उत्साही गृहस्थाने "ईमेलवर मत घेऊन टाकू" असेही सुचवले. सौ.ने हे ऐकले आणि एवढेच विचारले, "काकूंना विचारलंत का कोणी?"

पुढच्या रविवारी उपाध्यक्ष वहिनी आणि आम्ही श्रीखंडाचा डबा घेऊन काकांकडे गेलो. वाटेत काय बोलायचे ते तीनदा ठरवले आणि तीनदा बदलले. काकूंनी चहा ठेवला. दार लावून घेणाऱ्यांतल्या काकू नव्हेत. "डॉक्टरकडे जाऊन आलोय," त्यांनीच सुरुवात केली. काका आतून खोके घेऊन आले, समोर बसले आणि म्हणाले, "टायलर. जॉन टायलर. आज आठवतंय. उद्या आठवेलच असं नाही."

आम्ही काहीच बोललो नाही. बोलायचे ते सगळे विसरलो होतो.

"कलम तीन घेऊन आलात की कलम चार?" काकांनी विचारले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. काका म्हणाले, "अगं, रडतेस काय? चारची वेळ मी येऊ देणार नाही. तीन लिहून देतो." आणि त्यांनी एका कोऱ्या कार्डावर, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, दोन ओळी लिहिल्या. परत घेण्याबद्दल त्यांत काही नव्हते. वहिनींनी विचारले, "काका, मी सही काय म्हणून करू? हंगामी अध्यक्ष?" "मुळीच नाही. टायलर बरोबर होता. अध्यक्ष लिही. आणि दर महिन्याला मला विचारायला येऊ नकोस, तुझं तू ठरव."

निघताना दारात आमच्या खांद्यावर हात ठेवून काका म्हणाले, "अरे, सहा वेळा तुम्ही बुटांकडे पाहिलंत. एकदा जरी कोणी वर पाहिलं असतं ना, तर मी कधीच उठलो असतो." हे वाक्य तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही. खुर्चीत बसलेला माणूस खुर्ची सोडत नाही अशी आपली तक्रार असते. पण पुढे यायला कोणी नाही म्हणून तो बसून राहिलेला असतो, हेही कधीतरी खरे असते.

हा लेख छापायला देण्याआधी काकांना वाचून दाखवला. "माझं नाव नको, बाकी सगळं असू दे," म्हणाले.

तर मंडळी, येत्या सर्वसाधारण सभेपुढे घटनेत तीन दुरुस्त्या येत आहेत. अध्यक्षपदाला लागोपाठ दोनच मुदती. चेकवर सही करायचा अधिकार उपाध्यक्षालाही, आणि वर्षातून एक कार्यक्रम संपूर्णपणे उपाध्यक्षाने करायचा, म्हणजे पंप फिरता राहील. आणि 'अनुपस्थित' हा शब्द काढून तिथे 'स्वतः लेखी कळवल्यास' आणि 'काम करू शकत नसल्यास' अशी दोन वेगळी कलमे. दुसऱ्या कलमात कोणी, कोणाला विचारून आणि कसे ठरवायचे, हे आम्ही लिहिले आहे, पण ते आम्हांला अजून नीट जमलेले नाही. वाचून सुचवा.

पुढल्या संक्रांतीला, म्हणजे फेब्रुवारीत, प्रश्नमंजुषा आमची धाकटी घेणार आहे. खोके तिच्याकडे आले आहे. काका पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि त्यांना एक वडी जास्त द्यायची असे तिने आत्ताच ठरवून ठेवले आहे.

आणि सभेत "कोणी उभं राहतंय का?" असे विचारले जाईल, तेव्हा कृपा करून बुटांकडे पाहू नका.